बिसाहूचा भांचा मरघटावर काहून नव्हता

काल बिसाहू गेला. मले रडू नंतर आलं, लाज आधी आली.

मी बोलून राहिली, नात ऋचा टाईप करून राहिली. मले अक्षर येत नाही. चुका निघाल्या तर तिले विचारा, कॉलेजात ती जाते.

बिसाहू म्हणजे ट्रकवाला. तात्यापारा मोहल्ल्यात आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचा, तेव्हा त्याले मिशीही फुटली नव्हती. माझ्या पोरीनं, शोभानं, त्याले राखी बांधली. तेव्हापासून मी त्याची दाई, म्हणजे माय. पुढं स्वतःचे दोन ट्रक झाले, तरी मी दाईच.

आणि शोभाचा पोट्टा सोहम त्याचा भांचा.

आमच्या छत्तीसगडात भांचा म्हणजे देव. हे रामाचं आजोळ ना, राम इथला भांचा. इथं मोठा मामा लहान भाच्याच्या पाया पडतो. भाच्याकडून काम करून घेणं पाप, त्याले रागावणं त्याहून मोठं पाप.

हे ध्यानात ठेवा, पुढं लागते.

सोहमले एका मोठ्या कंपनीत ट्रेलर चालवायची ट्रेनिंग लागली. युनिफॉर्म, एसी केबिन, थाट विचारू नका. मी बिसाहूले ऐकवलं, "आमचा पोट्टा तुझ्यासारखा गमछ्यानं काच पुसणारा ड्रायव्हर नाही होणार."

तो हसला. "हव दाई." इतकंच.

ट्रेनिंग संपायच्या आधीच सोहमनं रिव्हर्स घेताना ट्रेलर गार्डच्या केबिनमध्ये घातला. गार्ड पाणी प्यायले गेला होता म्हणून वाचला. पोट्ट्याले त्याच दिवशी काढून टाकलं.

घरी बोलला नाही. रोज युनिफॉर्म घालून निघे, शंकर नगरच्या बगिच्यात बसे, संध्याकाळी परत.

एक दिवस मीच म्हटलं, "काहून रे, तुझ्या एसी केबिनमध्ये गवत उगवते का? पँटीले चिकटलं आहे."

तो तिथंच खाली बसला. लहान असताना रडायचा तसा रडला.

मग काम शोधणं. जिथं जाई तिथं पहिला सवाल, "पहली कंपनी क्यों छोडी?" खरं सांगितलं की नाही म्हणत. खोटं सांगितलं की कंपनीले फोन लावत, मग नाही म्हणत.

पोट्टा जेवेना. कोणी आलं की संडासात जाऊन बसे. मले त्याच्या नोकरीची नाही, त्याचीच भीती वाटायले लागली.

शेवटी मी बिसाहूकडे गेली. ज्या तोंडानं त्याले गमछ्याचं ऐकवलं होतं, तेच तोंड घेऊन. पदर इतका खाली ओढला होता की तो म्हणाला, "कोन हे?"

"तुझीच दाई. थोबाड दाखवायची सोय नाही राहिली."

सगळं ऐकून त्यानं डोकं खाजवलं. अपघाताचं त्याले काही नव्हतं. त्याची अडचण वेगळीच.

"भांचा ले डांटहूं त पाप परही दाई. अऊ नइ डांटहूं त गाडी नइ सीखय."

रागावलं तर पाप, न रागावलं तर ट्रक शिकत नाही. घ्या!

पण त्यानं तोड काढली. रोज सकाळी ट्रान्सपोर्ट नगरात, सगळ्या ड्रायव्हरांदेखत, आधी सोहमच्या पाया पडायचा. "माफी देबे भांचा." मग केबिनमध्ये चढून दिवसभर अशा शिव्या द्यायचा की टायरची हवा जावी. संध्याकाळी उतरून पुन्हा पाया.

लोक पोट धरून हसत.

मी सोहमले विचारलं, "शिव्या लागतात का रे?"

"आजी, गाली चल जाती है. पैर छूते हैं न, तब जमीन में गड जाने का मन होता है."

रिव्हर्सचं नाव काढलं की सोहम केबिनमधून खाली उतरे. बिसाहूनं काय करावं? स्वतः ट्रकच्या मागं जाऊन उभा राहिला. म्हणाला, "पाछू आन दे भांचा. ठोकबे त मोला ठोक." गाडी मागं येऊ दे, ठोकशील तर मलेच ठोक.

सोहमनं आरशात त्याले पाहिलं. रडत रडत गाडी मागं घेतली. बिसाहू जागचा हलला नाही. गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली.

त्या दिवशी सोहम घरी आला आणि तीन माणसांची भाजी एकट्यानं खाल्ली.

आता लाजेचं सांगते.

काल सकाळी चहा पिता पिता बिसाहू गेला. सोहम तिकडं ओडिशाच्या घाटात, बिसाहूचाच ट्रक, वर लोखंडाच्या सळ्या. त्याचा फोन आला. "आजी, गाडी ढाबे पे लगा के बस पकडता हूँ."

मी म्हटलं, "नाही."

"मामा हैं मेरे!"

"म्हणूनच नाही. भरलेली गाडी रस्त्यात टाकून ये म्हणून त्यानं शिकवलं का तुले?"

त्यानं फोन कापला.

मरघटावर, सरणापाशी, बिसाहूची बायको मले हळूच म्हणाली, "भांचा नइ आइस दाई?" माझी मान वर झाली नाही. बाजूचे लोक कुजबुजले ते ऐकू आलं. काम मिळालं, मतलब सरला, आता कशाले येते.

लोकहो, पोट्ट्याले बोलू नका. एकदा त्याच्या नावाले डाग लागला, तो पुसायले बिसाहू होता. आता कोणी नाही. त्याले मी अडवलं. बरोबर केलं की नाही, मलेच ठाऊक नाही. बिसाहूची बायको माझ्याशी बोलली नाही तर तिचं खरं आहे.

आज सकाळी सोहमचा फोन आला. "आजी, माल उतर गया."

ठेवता ठेवता म्हटलं, हळू ये रे. आता घाई कोणासाठी करतो.

बिसाहू, लेका, नीट जा. दाईचा रामराम.