बेबीच्या लग्नातलं नव्वद नंबरचं ऑइल

बेबीच्या लग्नातली जीप मी बिघडवली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, गणपतीसमोर उभा राहूनसुद्धा नाही (त्याला ठाऊक असणारच, पण आपण होऊन विषय कशाला काढा!).

गोष्ट ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची. मी तेव्हा माहुलला एका तेल कंपनीत नोकरीला होतो. टायपिस्ट. रजेचे अर्ज आणि ओव्हरटाइमचे तक्ते टाइप करायचे, एवढाच माझा तेलाशी संबंध. पण आमच्या घाटकोपरच्या टेकडीवर हे कुणाला पटेल तर शपथ! 'पोरगा तेल कंपनीत आहे' म्हटल्यावर मी जगातल्या समस्त तेलांचा जाणकार ठरलो. आई शेंगदाण्याचं तेल आणलं की आधी माझ्या नाकाखाली धरायची. शेजारच्या काकू केस गळतात म्हणून सल्ला विचारायच्या. आणि मी? मी गंभीर चेहरा करून दोन बोटांत तेल चोळायचो आणि म्हणायचो, "हं. व्हिस्कॉसिटी बरी आहे." हा शब्द मी एकदा टाइप केला होता. अर्थ विचारायचा राहून गेला होता.

आमचे भावोजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, मुलुंडला राहायचे. त्यांनी मिलिटरीच्या लिलावातली जुनी जीप घेतली होती. माझी धाकटी बहीण बेबी, तिला मुलुंडच्या लग्नाच्या हॉलवर ह्याच जीपमधून न्यायचं असा त्यांचा हट्ट. आमच्या टेकडीच्या चढावर टॅक्सीवाले यायचेच नाहीत, जीप यायची. गिअरबॉक्सच्या मागे तिला आणखी एक पेटी होती, ट्रान्सफर केस. तिचा दांडा ओढला की पुढची चाकंही जोर लावायची आणि जीप बकरीसारखी चढ चढायची. हळू, पण चढायची.

जीपचं सगळं काम साकीनाक्याचा बाबू मिस्त्री करायचा. आमच्याच गावचा. लग्नाच्या आठवडाभर आधी त्याने ट्रान्सफर केसचं ऑइल बदललं. "नव्वद नंबर भरलंय," तो भावोजींना म्हणाला. "आता डोळे झाकून चालवा."

लग्नाच्या आदल्या दुपारी भावोजी जीप टेकडीखाली लावून हॉल बघायला निघाले आणि जाता जाता मला म्हणाले, "तू तेलातला माणूस. बघ रे जरा, बाबूने ऑइल बरं घातलंय ना."

बघ म्हणाले होते. बदल म्हणाले नव्हते!

मी जीपखाली शिरलो, बूच उघडलं, बोट घातलं. ऑइल तपकिरी, काकवीसारखं घट्ट, आणि वास असा की डोळ्यांत पाणी! माझ्याकडे घरी कंपनीतल्या एका दोस्ताने दिलेला डबा होता. आतलं तेल सोनेरी, पातळ, पारदर्शक, एकदम झकास. डब्यावर लिहिलं होतं 'स्पिंडल ऑइल'. म्हटलं, ऑइल ते ऑइल. बहिणीचं लग्न, आणि गाडीत हे घाणेरडं? बाबूचं ऑइल मी गटारात सोडलं आणि माझं भरलं. कुणाला बोललो नाही. उद्या जीप लोण्यासारखी पळाली की भावोजी विचारतीलच, तेव्हा सांगू.

सकाळी फुलांनी सजलेली जीप झोकात टेकडी चढली. बेबी बसली, आई-ताई बसल्या, मी मागे लटकलो. उतार संपल्यावर भावोजींनी दांडा मागे घ्यायला हात घातला. दांडा हलेना! त्यांनी ओढला, ढकलला, शेवटी लाथ घातली. ट्रान्सफर केसमधून पत्र्याच्या डब्यात मांजर कोंडल्यासारखा आवाज येऊ लागला. जीप चढाच्याच चालीत अडकली होती. आता घाटकोपर ते मुलुंड, सगळा आग्रा रोड, ह्याच चालीने!

"दादा," बेबी हळूच म्हणाली, "मी उतरून चालत गेले तर लवकर पोचेन का रे?"

"गप बस गं," भावोजी खेकसले. "नवरीने बोलायचं नसतं!"

विक्रोळीला एक हातगाडी आम्हाला मागे टाकून गेली. कांजूरला एका सायकलवाल्याने जीपवरची फुलं पाहिली, आमची चाल पाहिली, आणि खाली उतरून टोपी काढली. "कोण गेलं हो?"

"अजून कुणी नाही," भावोजी ओरडले. "पण बाबू मिस्त्री मला भेटू दे!"

मी मागे वळून पाहिलं. रस्त्यावर थेंबाथेंबाने एक सोनेरी रेघ आमच्या मागून येत होती. माझंच तेल गळत होतं. मी तोंड पुन्हा पुढे वळवलं.

मुहूर्त गेला. गुरुजींनी पंचांगातून दुसरा ओढून काढला, अक्षता पडल्या, आणि भावोजी तडक बाहेर आले. बाबू लग्नाला पाहुणा म्हणून आला होता, पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून. जीप बिघडली म्हणताच तो त्याच शर्टात खाली आडवा झाला. बूच उघडताच उरलंसुरलं तेल त्याच्या कोपरापर्यंत ओघळलं.

"ह्या माझा ऑइल न्हय," तो बाहेर येऊन थेट गावच्या बोलीत म्हणाला. "मी नव्वद नंबर घातलंलंय. ह्या तर पाणी आसा! गिअरच्या दात्यांवर ठरात कसा?"

"मग काय भुताने येऊन बदललं?" भावोजी कडाडले. "माझ्या मेव्हणीच्या लग्नात भेसळ करतोस?"

चाळीसेक माणसं जमली होती, निम्मी आमच्या गावची. बाबूने सगळ्यांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे वळला. "भाऊ, तुमी तेलातले. तुमीच सांगा. ह्या नव्वद आसा काय?"

माझीच साक्ष काढली त्याने! मी दोन बोटांत तेल घेतलं. चोळलं. चेहरा गंभीर केला.

"हं," मी म्हणालो. "भेसळ वाटते."

तेवढ्यात बाबा पुढे आले. पस्तीस वर्षं गिरणीत सूत कातायच्या चात्यांवर काढलेला माणूस. चाती म्हणजेच स्पिंडल; तिला जे घालतात तेच हे स्पिंडल ऑइल. त्यांनी बोट बुडवून वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि बोट नव्याकोऱ्या धोतराला पुसलं. "चला," एवढंच म्हणाले, "पानं वाढलीत." पुढे जिवंत असेपर्यंत त्यांनी हा विषय काढला नाही. ओरडले असते तर मी सुटलो असतो.

बाबू न जेवता गेला. आमच्या गावच्या मंडळात 'बाबू भेसळ करतो' ही बातमी जीपपेक्षा फार वेगाने पोचली. गावाकडच्या लोकांनी त्याच्याकडे गाड्या नेणं बंद केलं आणि दोनेक वर्षांत त्याने साकीनाक्याची शेड सोडली. आता चेंबूरला त्याचं लहानसं गॅरेज आहे. पाटी मी बसमधून पाहतो. दोनदा उतरलो, दोन्ही वेळा समोर चहा पिऊन परत आलो.

भावोजी अजून प्रत्येक लग्नात हा किस्सा सांगतात. शेवटी माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणतात, "विचारा याला!" आणि मी, पन्नाशी उलटलेला माणूस, मान डोलावतो. आता त्यांना मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर लागत नाही. याची नीट खात्री करून घेतल्यावरच मी हे लिहायला बसलो, इतका मी शूर!

बाबू मिस्त्रीने नव्वद नंबरचंच ऑइल भरलं होतं. हे त्याच चाळीस माणसांत उभं राहून, त्याच्या समोर, मोठ्याने सांगायचं मी त्याचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.