महानंदाचे साठ दिवस

किल्लारी-लातूर रस्त्यावर जीप चालवणाऱ्या व्यंकटीची थोरली मुलगी महानंदा लातूरला नर्सिंग शिकली, नांदेडच्या एका दवाखान्यात चार वर्षं राबली आणि मग इंग्लंडला गेली. काम वृद्धाश्रमातलं. म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची, भरवायचं, कुशीवर वळवायचं. नर्सच्या हुद्द्याचं नव्हे. पण व्हिसा त्याच कामाचा मिळत होता, म्हणून तिनं तो घेतला.

आठ महिन्यांनी पत्र आलं. परदेशी माणसं कामावर ठेवायचा तिच्या मालकाचा परवाना सरकारनं काढून घेतला होता. चूक मालकाची, पण तिचा व्हिसा त्याच्याच नावाशी बांधलेला. साठ दिवसांत दुसरा मालक शोधायचा, नाहीतर देश सोडायचा.

तिनं सत्तर ठिकाणी अर्ज केले. निम्म्यांनी उत्तरच दिलं नाही. मालकानं दिलेली खोलीही सुटली, तेव्हा रत्नम्मानं तिला आपल्या घरी नेलं. रत्नम्मा देगलूरची, त्याच शहरात मोठ्या इस्पितळात पंधरा वर्षं नर्स. ओळख एवढीच, की एकदा बसस्टॉपवर महानंदा फोनवर "हाव बाबा, जेवले" म्हणाली आणि शेजारच्या बाईनं वळून विचारलं, "कोणत्या गावची गं तू?"

पस्तिसाव्या दिवशी महानंदानं तिचा व्हिसा काढून दिलेल्या नांदेडच्या एजंटाला फोन लावला. तो म्हणाला, "टेन्शन घेऊ नका मॅडम. गावाकडं जिवाला धोका हाय म्हणून तिथल्या सरकारकडं आसरा मागा. बाप मारून टाकील असं लिहा. केस चालू असेपर्यंत कोणी हात लावत न्हाई."

तिनं निम्मा अर्ज भरलाही. ड्युटीवरून आलेल्या रत्नम्मानं तो टेबलावर पाहिला.

"तुझा बाप मारतो तुला?"

"न्हाई वो अक्का. जीपमधली पुढची सीट माझ्यासाठी धरून कॉलेजला सोडायचे."

"मग हे काय लिहून राहिलीस?"

महानंदाला रडू फुटलं. रत्नम्मानं तिला रडू दिलं, मग कोरा कागद घेऊन एकेक वाट लिहीत बसली. नवा मालक मिळत नव्हता. शिकायच्या व्हिसाची फी आवाक्याबाहेर होती. लपून राहायचं तिनं कागदावर घेतलंच नाही. "तू नर्स हायस. इथली नर्सची परीक्षा दे. पहिला भाग गावाकडनं देता येतो. मुदतीच्या आत परत जा. पासपोर्टला डाग लागू देऊ नको."

पुढचे अठरा दिवस, बारा तासांची ड्युटी करून आलेली ती बाई रोज तासभर तिला शिकवत बसली. चोपन्नाव्या दिवशी महानंदा विमानात बसली.

हैदराबादला व्यंकटी जीप घेऊन आला होता. "बाबा, हात हलवत आले," ती म्हणाली. "धडधाकट आलीस ना? लई झालं," म्हणत त्यानं बॅग मागं टाकली. जहीराबादला चहा पिताना मात्र म्हणाला, "त्या देगलूरच्या बाईचे पाय धरायला पाहिजेत गं."

नांदेडच्या जुन्या दवाखान्यानं तिला पुन्हा घेतलं. दर रविवारी रत्नम्माचा फोन यायचा. इंग्रजी लिहायच्या परीक्षेत महानंदा एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली. नर्सिंगच्या परीक्षेचा इथून द्यायचा भाग पहिल्याच खेपेला. दीड वर्षानं रत्नम्माच्याच मोठ्या इस्पितळानं मुलाखत घेऊन तिला नर्स म्हणून बोलावलं. व्हिसाच्या अर्जात प्रश्न होता, कधी मुदत उलटून राहिलात का? तिनं बेधडक 'नाही' लिहिलं.

निघायच्या आधी बापलेक देगलूरला गेले. रत्नम्माची आई दारात शेंगा निवडत होती. महानंदानं रत्नम्माचं नाव घेऊन पायावर डोकं ठेवलं तेव्हा म्हातारी गोंधळलीच.

"माझी पोर फोनवर नुसतं बरं हाय म्हणती. तिनं काय केलं तुझं?"

महानंदा तिच्याजवळ खाली बसली आणि सगळं सांगू लागली. व्यंकटी हात जोडून उभाच होता. थोडं ऐकून म्हातारीनं शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि शेजारणीला हाक मारली, "इकडं ये गं महादेवी, माझ्या पोरीचं ऐकून जा."