लहान चणीच्या पोटांसाठी

"हर्नियासाठी रोबोट म्हणजे निव्वळ चैन," आमचे विभागप्रमुख भर बैठकीत म्हणाले. "पोट उघडा, जाळी लावा, टाके घाला. मॅडमना व्हिडिओ बघून हौस आलीय."

दोनचार जण हसले. रुग्णालयात रोबोट येऊन वर्ष होत आलं होतं आणि तो कर्करोगाच्या शस्त्रक्रियांसाठी राखीव होता. जुन्या टाक्यांतून पुन्हा पुन्हा हर्निया वर आलेल्या बायका मात्र माझ्याच ओपीडीत येत. पोट पदराने आवळून बांधलेलं असे.

मी म्हटलं, "हौस नाही, सर. लेखी प्रस्ताव आहे. रुग्णालयाच्या समितीपुढे ठेवते." ठेवला. परवानगी मिळायला बरेच महिने गेले, पण मिळाली.

खरी अडचण पुढेच होती. परदेशी व्हिडिओंतली पोटं ऐसपैस. आमच्याकडच्या बायका लहान चणीच्या. रोबोटचे हात आत घालायला बरगड्यांच्या बाजूने छिद्रं घेतली की ते एकमेकांवर आदळत. पहिल्याच शस्त्रक्रियेत तसं झालं. स्नायूंच्या मागचा पातळ थर फाटला आणि पुढचं दिसेना. अशा वेळी काय करायचं ते आधीच ठरलेलं होतं. मी पोट उघडून काम पुरं केलं. बाई बऱ्या होऊन घरी गेल्या.

"आता पुरे ना?" सरांनी विचारलं.

"नाही. कुठे चुकलं ते कळलंय मला."

त्या रविवारी नदीकाठी, दुर्गाघाटच्या आमच्या घरी मी आईला दिवाणावर आडवं केलं. आई जेमतेम पावणेपाच फूट. तिच्या पोटावर छिद्रांच्या जागी टिकल्या चिकटवल्या आणि दोन लाटणी रोबोटच्या हातांसारखी धरून बघू लागले. बाजूने धरली की लाटणी एकमेकांना अडत.

"लवकर कर गं, दाल चढवलीय," आई म्हणाली. मग मान उचलून तिने पाहिलं. "खालून का नाही धरत? तिथे तर खुली जागा आहे."

टिकल्या काढून मी ओटीपोटाच्या वर एका ओळीत लावल्या. लाटणी मोकळी फिरली.

"तुझे सर ऐकतील?" आईने विचारलं.

"ऐकवणार नाहीये. बघायला बोलावणार आहे."

पुढचे कित्येक आठवडे मी फोम आणि कापडाचे थर रचून त्या नव्या जागांवरून रोबोटने शिवायचा सराव करत होते. रोबोटच्या हाताला स्पर्श कळत नाही. दोरा किती ताणला ते डोळ्यांनीच ओळखायचं. किती दोरे तोडले त्याला गणती नाही. बदललेली पद्धत समितीने पुन्हा मंजूर केली.

मंगला गौरीच्या देवळाच्या पायऱ्यांजवळ फुलं विकणारी एक बाई तेव्हा आली. तिचं पोट दोनदा उघडलेलं आणि हर्निया दोन्ही वेळा परतलेला. मी तिच्यापासून काही लपवलं नाही. पद्धत नवी आहे, एकदा पोट उघडावं लागलंय, तुमचंही लागू शकतं, असं सांगितलं.

तिने हिंदीत एवढंच विचारलं, "आप खुद करेंगी?"

"हाँ."

"तो कीजिए."

आदल्या दिवशी सर म्हणाले, "फसलं तर मी तुमच्या मागे उभा राहणार नाही."

"पुढे उभे राहा, सर. स्क्रीनसमोर. तिथून नीट दिसेल."

ते खरंच येऊन उभे राहिले. हात कुठेही आदळले नाहीत. मागचा थर मी शिवला, त्यावर जाळी पसरली आणि फाकलेले स्नायू टाक्याटाक्याने मधोमध ओढून आणले. माझी पाठ भरून आली होती. शेवटचा टाका पडेपर्यंत सर स्क्रीनसमोरून हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाई वॉर्डात चालत होती आणि शेजारणीला आपली बारीक छिद्रं दाखवत होती.

त्यानंतर आणखी बायका आल्या. त्यांतल्या एकीच्या वेळी पोट उघडूनच काम पुरं करावं लागलं; या सगळ्यांवर मी शोधनिबंध लिहिला, त्यात तेही लिहिलं. मसुदा सरांनी मागवून घेतला आणि परत करताना म्हणाले, "चांगलं झालंय. विभागाची रीत माहीत आहे ना? पहिलं नाव प्रमुखांचं."

मी कागद घेतले. "तुमचं नाव आहे, सर. आभारात."

"विचार करा. इथेच नोकरी करायची आहे."

"इथेच करणार आहे," मी म्हटलं आणि निबंध तसाच पाठवला. पुढच्या महिन्यात सरांनी रोबोटवरची माझी पाळी सोमवारवरून अर्ध्या दिवसाच्या शनिवारी टाकली. मी शनिवारी जाते.