शालनबाईंचा निर्लेखित संगणक

आमच्या कार्यालयात तीन रिमोट आहेत आणि तिन्ही अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहेत. पिशवीला रबर लावलेलं असतं. ते ढिलं पडलं की दुसऱ्या दिवशी नवं आलेलं दिसतं. हे काम शालनबाईंचं. पाण्याच्या जारवर कापड, हजेरीपटाला खाकी कव्हर, प्रिंटरवर जुन्या टॉवेलचा शिवलेला अभ्रा. सहा वर्षांपूर्वी माझ्यासाठी नवी खुर्ची आली, तेव्हा तिच्या पाठीवरचं प्लास्टिक राहू द्या असं मीच म्हणालो होतो. शालनबाईंनी ते आजवर राखलं. सोलापुरात मे महिन्यात त्या खुर्चीला टेकून बसणं म्हणजे काय, ते माझ्या सदऱ्यांना विचारावं.

मी बी.कॉम. होऊन या कनिष्ठ महाविद्यालयात लिपिक म्हणून लागलो त्याला चौतीस वर्षं झाली. आता कार्यालयीन अधीक्षक आहे आणि सप्टेंबरअखेर निवृत्त होतो आहे. शालनबाई इथं सोळा वर्षं शिपाई आहेत. कुंभारीहून येतात. नवरा, नवनाथ, रिक्षा चालवतो. सकाळी पहिली फेरी बायकोची, मग बाकीच्यांची. दहावी नापास असताना त्या नोकरीला लागल्या, नोकरीत राहून दहावी झाल्या आणि मग बारावीही. बारावीचे पेढे त्यांनी आधी रोज स्वतः देतात त्या तासांच्या घंटेपुढे ठेवले आणि मग आम्हाला दिले. "हिच्यामुळं वेळ कळाला," एवढंच म्हणाल्या.

मी गेलो की वरिष्ठ लिपिक माझ्या जागी येणार, कनिष्ठ लिपिक त्यांच्या जागी, आणि खाली कनिष्ठ लिपिकाची एक जागा मोकळी होणार. शिपायाला तिथं बढती मिळू शकते. अट एकच, मराठी टंकलेखनाचं तीस शब्दांचं प्रमाणपत्र. शालनबाई त्या परीक्षेला दोनदा बसल्या आणि दोन्ही वेळा गतीत गेल्या. यंदाची जूनची परीक्षा तिसरी. ती हुकली असती तर दुसऱ्या संस्थेत अतिरिक्त ठरलेला कोणीतरी त्या जागेवर आला असता, आणि शालनबाई घंटा देत देतच निवृत्त झाल्या असत्या.

टायपिंगच्या क्लासात त्यांना सकाळी एक तास मिळायचा. गती बाविसावर अडकली होती. क्लासच्या सरांनी सांगितलं, रोज आणखी तासभर हात चालला पाहिजे. घरी संगणक नाही, आणि आमची लॅब सुट्टीत वायरिंगसाठी बंद. एप्रिलच्या शेवटी एक दिवस त्या माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊसाहेब, माडीवरच्या खोलीतलं ते लहान डबडं मिळंल का? तसंबी ते लिहून टाकलंय की."

लिहून टाकलंय म्हणजे निर्लेखित. निकामी म्हणून साठा नोंदवहीतून रीतसर काढलेली वस्तू. हा संगणक जाडजूड शब्दकोश आडवा ठेवावा एवढाच होता आणि चालू केल्यावर वीस मिनिटांत आपोआप बंद पडायचा. मी म्हणालो, मिळेल, पण अर्ज द्या. त्यांनी अर्ज दिला, मी शिफारस केली, प्राचार्यांनी सही केली. भंगारात जायच्या वस्तूसाठी इतकं केल्याबद्दल वरिष्ठ लिपिक हसले. हसू द्यावं.

संगणक शिकवणारे प्रभुलिंग सर सुट्टीला दुधनीला निघाले होते. जाता जाता त्यांनी झाकण उघडून पाहिलं. आमच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत; वर्षानुवर्षांची रुई उडून आत बसली होती आणि तिचा नमद्यासारखा जाड थर झाला होता. त्याखालचा पंखा बोटानं फिरवला तर कुरकुरत दोन फेरे घेऊन थांबला.

"प्रोसेसरवरचा पंखा गेलाय," सर म्हणाले. "प्रोसेसर तापतो, आणि जळायच्या आत यंत्र स्वतःला बंद करून घेतं. कंपनीचा असा पंखा आता मिळत नाही. बाजारातला वेगळा कूलर, म्हणजे खाली धातूची पाती आणि वर पंखा, बसवावा लागंल, आणि तो एवढ्याशा पेटीत मावला पाहिजे. मी तर चाललो. तुम्ही बसवता का, शालनताई? कुकरची रिंग बदलता तसंच असतंय. फरक एवढाच, कुकर बिघडला तर डाळ जाते, हे बिघडलं तर लिपिकाची खुर्ची."

"खुर्चीवर अजून भाऊसाहेब बसल्यात, सर. आदी पंखा तर बसू द्या."

सरांनी चेष्टा केली, पण संध्याकाळी मोबाइलवर कामाचा क्रमही पाठवला. शालनबाईंनी तो वहीत उतरवून काढला, कारण मोबाइलच्या पडद्यावरचं त्यांच्या लक्षात राहत नाही.

दुकानदारानं पहिल्यांदा जो कूलर दिला तो सगळे नेतात म्हणून दिला. तो बसवून पाहिला तर वरचं झाकण लागेना. नवनाथ त्यांना न्यायला आला होता. तो म्हणाला, "राहू दे की उघडं. वाराबी लागंल."

"रुई परत आत जाईल. तुमी रिक्षा इंजनावरचं झाकण काढून चालवता का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून एक कोरा कागद मागून घेतला. प्रोसेसरपासून झाकणापर्यंतची उंची पट्टीनं मोजली, चार सेंटिमीटर आणि वर सात रेघा, आणि तेवढीच कागदाची पट्टी कापली. ती दुकानदारापुढं धरून म्हणाल्या, "ह्या कागदाच्या खाली बसंल असाच द्या." त्यानं चार खोकी उघडली. चौथ्यातला बुटका कूलर कागदापेक्षा दोन रेघा कमी भरला.

शनिवारी दुपारी माझ्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून काम सुरू झालं. सुट्टीचे दिवस, बाहेर त्रेचाळीस अंश, कार्यालयात आम्ही दोघंच. मी उजेडासाठी बॅटरी धरली होती. शालनबाईंनी आधी खिडकीच्या गजाला हात लावला, कारण वहीत लिहिलं होतं, अंगातली वीज लोखंडावर सोडून मगच आत हात घालायचा. जुना पंखा काढला. प्रोसेसरवरचा, त्याची उष्णता कूलरकडे नेणारा लेप वाळला होता, तो स्पिरिटनं पुसला. स्क्रू बाटल्यांच्या झाकणांत वेगवेगळे ठेवले. नव्या लेपाचा ठिपका ज्वारीच्या दाण्याएवढाच घ्यायचा होता. त्यांनी घरून पुडीत बांधून आणलेला अख्खा दाणा शेजारी ठेवला आणि त्याच्याकडे बघत ठिपका काढला.

कूलरच्या तळाला तांब्याचा चकचकीत गोल होता. त्यावर काचेसारखा पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा आणि त्याचं एक निळं टोक बाहेर आलेलं. शालनबाईंनी ते टोक कात्रीनं कडेला लावून नीट कापून टाकलं.

"वाईट दिसत होतं," त्या म्हणाल्या. मलाही ते बरोबरच वाटलं.

मग कूलर ठेवला. चार स्क्रू एकदम पिळायचे नाहीत. एक थोडा, मग तिरका समोरचा थोडा. "बाजंच्या नवारीगत," त्या म्हणाल्या. "एकीकडूनच वडलं की बाज तिरकी बसती." शेवटी पंख्याची वायर लावली, आणि झाकण टक् करून बसलं. त्या आवाजावर आम्ही दोघंही खूश झालो.

यंत्र सुरू झालं. पंख्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. शालनबाई टंकायला बसल्या, मी घड्याळ घेऊन शेजारी. बारा मिनिटांनी पडदा काळा झाला.

वीस होतं ते बारा झालं. शालनबाईंनी संगणकावर अभ्रा घातला, कडा सारख्या केल्या आणि म्हणाल्या, "च्या टाकते." चहा आणला तेव्हा साखर घालायची राहिली होती. सोळा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी तसाच प्यालो.

प्रभुलिंग सरांना फोन लावला. मागून लग्नघराचा गलका ऐकू येत होता. "सोडून द्या, ताई," ते म्हणाले. "आत दुसरंच काहीतरी गेलं असंल. वय झालंय त्याचं."

शालनबाईंनी फोन ठेवला. "वय कुणाचं काढतेत सर? डबड्याचं का माझं?"

परीक्षेला तीन आठवडे होते. रविवारी मी घरी बसून क्लासच्या सरांना फोन केला, दुसरी वेळ मिळेल का म्हणून. मिळणार नव्हती. सोमवारी कार्यालयात आलो तर शालनबाई माझ्याआधी संगणक घेऊन माडीवर. संगणक चालू, त्याचं झाकण उघडं आणि त्यांचं बोट कूलरच्या धातूच्या पात्यांवर.

"भाऊसाहेब, हितं हात लावा."

मी लावला. पाती जेमतेम कोमट होती.

"आता हितं लावा. जपून." त्यांनी पेटीच्या तळाकडचा पत्रा दाखवला. प्रोसेसरच्या बरोबर खालची ती जागा चांगलीच पोळत होती. तेवढ्यात पडदा काळा झाला.

"चूल भडकलीय आन् तवा गार," शालनबाई म्हणाल्या. "काल भाकरी करताना सारखं हेच डोक्यात. चुलीवर तवा ठिवला की तो तापायलाच पायजे. न्हाय तापला तर मधी काय तरी हाय."

त्यांनी चार स्क्रू सोडवले, पुन्हा तिरके तिरके. कूलर उलटा केला. लेप पापुद्र्यावर पसरला होता आणि पापुद्रा तांब्यावर जसाच्या तसा होता, निळं टोक कापलेला. शालनबाईंनी नखानं कड उचलली आणि तो एका ओढीत निघाला. खालचं तांबं इतकं लख्ख होतं की त्यात खिडकी दिसली.

त्यांनी तो पापुद्रा उजेडात धरला.

"मीच राखलं की ओ ते," त्या म्हणाल्या.

"मीही बघितलं होतं."

"मग बोलला का न्हाई?"

"म्हटलं नवी वस्तू आहे, राहू दे."

शालनबाईंना हसू फुटलं. पदर तोंडाला लावून त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि हसत राहिल्या. मलाही आवरेना. खालून वरिष्ठ लिपिक विचारायला आले, काय झालं. आम्ही दोघांनीही सांगितलं नाही.

पुन्हा सगळं पुसलं, पुन्हा ज्वारीचा दाणा, पुन्हा चार कोपरे. या वेळी मी घड्याळ बघत होतो आणि त्या बघत नव्हत्या. टंकायचा उतारा बघत होत्या. बारा मिनिटं झाली, वीस झाली. पात्यांमधून गरम वारा बाहेर येत होता आणि तो हाताला लागला की बरं वाटत होतं. एक तासानं मीच म्हणालो, आता थांबा, टपाल यायची वेळ झाली.

त्या दिवसापासून रोज जेवणाच्या सुट्टीत माडीवर कळांचा आवाज सुरू झाला. पहिल्या आठवड्यात गती चोवीस, मग सत्तावीस. सत्ताविसावर चार दिवस अडकली, तेव्हा त्या माझ्याशी फारशा बोलल्या नाहीत. परीक्षेच्या आदल्या दिवशी एकतीस. परीक्षेहून आल्यावर मी विचारलं, कसं झालं. म्हणाल्या, "तितली मशीन नवी होती, पण आमच्यापेक्षा लई आवाज करत होती."

निकाल ऑगस्टमध्ये लागला. प्रभुलिंग सरांनी तो आपल्या मोबाइलवर काढला आणि शालनबाईंच्या हातात न देता आधी मोठ्यानं वाचला. उत्तीर्ण. गतीत पन्नासपैकी एकतीस. मग म्हणाले, "ताई, माझ्या घरच्या संगणकाचा पंखाबी कुरकुरतोय. कधी येता?"

"अर्ज द्या," शालनबाई म्हणाल्या. "भाऊसाहेबांची शिफारस लागती."

पेढे पुन्हा आधी घंटेपुढे गेले. बढतीचा प्रस्ताव मी स्वतः तयार केला, प्रमाणपत्राच्या दोन प्रती जोडल्या आणि शिक्षण विभागाकडे पाठवला. मान्यता यायची आहे. उशीर होईल, पण त्यात अडण्यासारखं काही ठेवलेलं नाही.

प्रस्ताव गेला त्या दुपारी शालनबाई कात्री घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या.

"भाऊसाहेब, उठा जरा."

मी उठलो. त्यांनी खुर्चीच्या पाठीवरचं सहा वर्षांचं प्लास्टिक वरपासून खालपर्यंत फाडून काढलं. आतलं कापड निळं होतं. मला ते करडं वाटत होतं. मी टेकून बसलो. पाठीला वारा लागला.

"आणि ते रिमोट?" मी विचारलं.

शालनबाईंनी कपाटाकडे पाहिलं. एका पिशवीचं रबर ढिलं झालं होतं. त्यांनी मनगटातलं एक काढून तिला लावलं.

"ते राहू द्या. त्येला कुटं गरम होतंय."