लखनौतला केरबा

आलमबागेतल्या त्या घराच्या फाटकावर ‘के. वाय. चौगुले, रिटायर्ड सीनियर सेक्शन इंजिनियर’ अशी पाटी आहे. ‘के’ म्हणजे काय, हे गल्लीत कुणालाच माहीत नाही. भाजीवाला त्यांना ‘अंकल जी’ म्हणतो, दूधवाला ‘बाबूजी’. मानक नगरच्या रेल्वे कार्यालयात सगळी नोकरी झाली, तिथे ते ‘चौगुले साहब’ होते.

नाव केरबा. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. तिसऱ्या वेळी सुईणीने अंगण झाडून केराचा ढीग केला, बाळाला क्षणभर त्यावर ठेवलं आणि पुन्हा उचलून आईच्या ओटीत घातलं. केरात सापडलेलं पोर, त्याच्यावर कोण नजर लावणार? म्हणून केरबा. चुलत्यांना ही गोष्ट आवडायची नाही. ते म्हणायचे, “केराबिराचं काय नाय. आपला जोतिबा म्हणजे केदारलिंग. केदारबाचा केरबा झाला.” खरं काय ते तपासायला कुणी गेलं नाही. लहानपणी मात्र केरबाला मनातून वाटायचं, की चुलत्यांचंच खरं असावं.

त्या काळी गावात या नावाचं कुणाला काही वाटत नसे. शाळेत त्यांच्याच वर्गात आणखी दोन केरबा होते. मास्तर हजेरी घेताना आडनावाने भागवायचे आणि पोरं ‘उंच्या’, ‘बुटक्या’ असं काहीबाही जोडून हाक मारायची. यांना आई ‘केरू’ म्हणायची. पुढे पोरांची नावं बदलत गेली. गावात आता संदीप आणि सचिन यांचीसुद्धा मुलं कॉलेजात आहेत. केरबा कुणी ठेवत नाही.

ते लखनौला नोकरीवर रुजू झाले, त्या दिवशी मोठ्या टेबलामागच्या अवस्थीबाबूंनी नाव वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “केरबा? भई, कहरवा तो सुना है, तबले पर बजता है. केरा भी सुना है, घौद में लगता है. ये केरबा क्या हुआ?”

केरा म्हणजे तिकडचं केळं, घौद म्हणजे घड. खोली हसली. त्यात वाईट हेतू नव्हता, पुढे अवस्थीबाबूंनीच त्यांना राहायला खोली शोधून दिली. पण त्या दिवसापासून केरबाने स्वतःला ‘के. वाय.’ करून टाकलं. अर्थ विचारला तर केराची गोष्ट सांगावी लागणार, आणि ती हिंदीत सांगताना नुसता कचरा उरतो, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

लग्न होऊन लतिका लखनौला आली. ती त्यांना ‘अहो’ म्हणायची, रीतीप्रमाणे. वर्षातून एकदा मात्र त्यांचं नाव त्या घरात उच्चारलं जाई. कॉलनीतल्या मराठी बायका संक्रांतीला हळदीकुंकवाला जमायच्या आणि लतिकाला उखाण्याचा आग्रह व्हायचा. आतल्या खोलीत पेपर वाचत बसलेल्या केरबांना तिचा आवाज ऐकू यायचा:

“मोहरीच्या शेताचा पिवळा पिवळा रंग,
केरबांचं नाव घेते तुम्हां सख्यांच्या संग.”

ती किंचित अडखळून, पण नाव स्पष्ट घ्यायची. बायका टाळ्या वाजवायच्या. केरबा पेपरचं पान उलटायचे.

निवृत्तीला तीन वर्षं असताना लतिका गेली. त्याआधीच आईही गेली होती. मुलगी देविका लग्न होऊन बंगळुरूला राहते. ती ‘बाबा’ म्हणते. भाऊ गावाहून दिवाळीला फोन करतो, तो ‘दादा’ म्हणतो. लोक म्हणाले, आता गावी जा. केरबांनीही ठरवून पाहिलं. पण गावात भावाचं घर सुना-नातवंडांनी भरलेलं, तिथे हे पाहुणेच. लखनौत निदान कुकरच्या किती शिट्ट्या करायच्या ते स्वतःचं स्वतः ठरवता येतं. राहिले.

गेल्या फाल्गुनात देविकाला मुलगा झाला. केरबा बारशाला बंगळुरूला गेले. बारशाच्या आदल्या संध्याकाळी देविका मोबाइलवर नावांचं अ‍ॅप उघडून बसली होती. मुलाचं नाव निनाद ठरलं होतं. अर्थ, मूळ, किती लोकांनी पसंत केलं, सगळं तिने वाचून दाखवलं. लखनौत वाढलेली पोर. तिला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदीतच.

“बाबा, आपका नाम डालकर देखूँ?”

तिने टाइप केलं. थोडा वेळ काहीतरी फिरत राहिलं.

“अरे, कुछ आ ही नहीं रहा. बाबा, मतलब क्या है इसका? मम्मी ने कभी बताया नहीं.”

“गावाकडचं नाव आहे,” केरबा म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी धीर केला. “पाळण्यात दोन-तीन नावं ठेवतात गं. कानात सांगायची. त्यातलं एखादं आजोबाचं ठेवलं तरी चालतं. कागदावर लिहायचं नसतं ते.”

देविका हसली. “बाबा, केरबा? स्कूल में पता चला ना किसी को, तो बेचारे का...” त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून तिने त्यांचा हात धरला. “आप बुरा मत मानो, हाँ?”

“नाही गं. खरंच आहे तुझं,” ते म्हणाले. आणि ते त्यांनी मनापासूनच म्हटलं होतं. लपवायला तर त्यांनीच सुरुवात केली होती. दुसऱ्या दिवशी जावयाच्या बहिणीने बाळाच्या कानात नावं सांगितली: निनाद, अथर्व, श्रीरंग. केरबांनी पाळण्याची दोरी ओढली, पेढा खाल्ला.

चार दिवसांनी ते परतले. चारबागला गाडी सकाळी उशिरा पोहोचली. बॅग घेऊन ते जिन्याकडे निघाले, तोच डोक्यावरच्या भोंग्यातून बाईचा आवाज आला: “कोल्हापुर से आए हुए यात्री केरवा खोत, आप जहाँ कहीं भी हों, पूछताछ कार्यालय पर आ जाएँ. आपके बेटे आपका इंतज़ार कर रहे हैं.”

केरबा जागच्या जागी थांबले. मागून येणारा हमाल ओरडला, “साहब, रास्ता छोड़िए!” ते बाजूला झाले. भोंग्याने तेच पुन्हा सांगितलं. ‘केरवा’ म्हणजे मूळ काय, हे त्या सगळ्या स्टेशनात कदाचित त्यांनाच समजलं असेल. आपल्याला बोलावलेलं नाही, आपल्याला मुलगाही नाही, हे पक्कं ठाऊक असूनही ते चौकशीच्या खिडकीकडे चालू लागले.

खिडकीपाशी बारीक केस कापलेला, तिशीतला एक दणकट माणूस घामाघूम होऊन उभा होता. केरबांनी मराठीत विचारलं, “वडील हरवलेत का तुमचे?”

तो दचकलाच. “व्हय साहेब! तुमी मराठी?” त्याचं नाव जयसिंग खोत. लष्कराच्या छावणीत हवालदार होता. वडील पहिल्यांदाच त्याच्याकडे येत होते, पुण्याला गाडी बदलून. हा डब्यापाशी उभा राहिला तोवर म्हातारा पलीकडच्या दाराने उतरून गर्दीबरोबर गेला. फोन बंद.

“हाका मारून मारून घसा बसला,” जयसिंग म्हणाला. “कानानं कमी ऐकू येतं त्यास्नी. आप्पा आप्पा म्हटलं तर लक्षच जात न्हाई. नाव घेऊन वरडलं की वळत्यात, गावात सगळी नावानंच हाक मारत्यात. पण मी बापाला नावानं कशी हाक मारू?”

केरबांनी बॅग खिडकीपाशी ठेवली. “मी मारतो. चला.”

दोघे प्लॅटफॉर्मवरून निघाले. आजूबाजूला माणसंच माणसं, सामानावर बसलेली कुटुंबं, पुरीभाजी खाणारे. या शहरात ते कधी मोठ्याने बोलले नव्हते. मग त्यांनी श्वास घेतला आणि शेताच्या बांधावरून मारतात तशी हाक मारली, “केरबाऽऽ! ओ केरबाऽऽ!”

लोक वळून पाहायला लागले. एका पोरीने आईला विचारलं, हे काय विकतायत? केरबांनी पुन्हा हाक मारली. मग पुन्हा. आवाज मोकळा होत गेला, आणि का कोण जाणे, त्यांचे डोळे भरून आले. जयसिंग पुढे बघत चालला होता, त्याला ते दिसलं नाही. एक प्लॅटफॉर्म संपला, ते स्टेशनाबाहेर रिक्षांच्या गलक्यात आले. तिथेही त्यांनी हाक सोडली.

“ओऽऽ!”

चहाच्या टपरीमागून उत्तर आलं. पांढरी टोपी, पायाशी गुळाची ढेप बांधलेलं धोतराचं गाठोडं, हातात चहाचा कुल्हड. म्हातारा शांत बसला होता. जयसिंगने धावत जाऊन पाय धरले आणि उठता उठता ओरडायलाही लागला, “आप्पा, हिकडं कशाला आला?”

“गर्दीनं आणलं,” म्हातारा म्हणाला. मग त्याने केरबांकडे पाहिलं. “तुमी हाक मारली? कोण म्हनायचं आपन?”

“मीबी केरबाच,” चौगुले साहेब म्हणाले. कितीतरी वर्षांनी त्यांच्या तोंडून गावची बोली आली. “चौगुल्यांचा.”

म्हातारा खूष होऊन हसला. “आरं तिच्या! बसा की मग, च्या घ्या.”

तिघांनी चहा घेतला. केरबांनी न राहवून विचारलं, “तुम्हाला हे नाव का ठेवलं?”

“आज्याचं हुतं.”

“आणि आज्याला?”

“ते काय म्हाईत?” म्हाताऱ्याला प्रश्नच जरा नवलाचा वाटला. “नाव हुतं, ठेवलं. तुमचं?”

मग केरबांनी केराच्या ढिगाची गोष्ट सांगितली. लखनौत पहिल्यांदाच, सबंध. आधीची दोन मुलं, सुईण, झाडलेलं अंगण. म्हातारा कानाशी हात धरून ऐकत राहिला. संपल्यावर म्हणाला, “लई जीव हुता म्हनायचा आईचा.”

एवढ्या वर्षांत त्या गोष्टीत केरबांनी केर पाहिला होता, केराशेजारी उभी असलेली, दोन मुलं गमावलेली बाई पाहिली नव्हती.

जयसिंगने त्यांची बॅग आणून दिली, नंबर घेतला, क्वार्टरवर जेवायला यायचं वचन घेतलं. त्या रविवारी केरबा छावणीत गेलेही. तांबडा रस्सा झाला होता. पण म्हाताऱ्याला लखनौ मानवलं नाही. बोलायला कुणी नाही, म्हणायचा. वैशाख लागायच्या आत तो गावी परतला आणि पावसाळ्यात जयसिंगची बदली आसामकडे झाली. छावणीच्या त्या शांत रस्त्यांवर जायला केरबांना आता काही कारण राहिलं नाही.

देविकाला त्यांनी फोनवर सगळं सांगितलं, केराच्या गोष्टीसकट. “बाबा, आपने कभी बताया क्यों नहीं?” ती म्हणाली. तेवढ्यात निनाद रडायला लागला आणि फोन ठेवावा लागला.

अधूनमधून दुपारी केरबांचा मोबाइल वाजतो. जेवून पडलेले ते उठून बसतात. पडद्यावर नाव आलेलं असतं: ‘केरबा’. थोडा वेळ ते नुसतं बघत राहतात, मग उचलतात. पलीकडे म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं, म्हणून दोघंही ओरडून बोलतात. पाऊस किती झाला, गुडघा कसा आहे. बोलणं मिनिटाभरात संपतं. घर पुन्हा शांत होतं. केरबा पंखा जरा वाढवतात आणि भिंतीकडे तोंड करून आडवे होतात.