भाताच्या खोपटातली मुलगी

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. शिक्षणसेवक म्हणून हरसूलच्या पुढच्या एका पाड्यावर लागले, तेव्हा तर मला सगळ्याचीच भीती वाटायची. जीप चुकण्याची, हेडमास्तरांची आणि सगळ्यात जास्त तपासणीला येणाऱ्या साहेबांची. साहेबांनी एक वाईट शेरा मारला की नोकरी गेली, असं कोणीतरी सांगितलं होतं आणि मी त्याची मनाशी खूणगाठ बांधली होती.

तिसरीचा वर्ग माझ्याकडे होता. नाशिकला प्रशिक्षणात शिकून आले ते मी हौसेने सुरू केलं. पाच-पाच मुलांचे गट. धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि वाचलेलं एकमेकांना आपल्या शब्दांत सांगायचं. नुसता घोकणारा वर्ग खरंच बोलायला लागला. एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं, पण मला जास्तीचं शहाणपण सुचलं. शेवटी मी गटातल्या कोणालाही एकाला उठवणार. त्याला आलं तर गटाला भिंतीवरच्या तक्त्यावर एक चांदणी, नाही आलं तर कोणालाच नाही. म्हणजे हुशार पोरं कच्च्यांना शिकवतील, असा माझा हिशेब.

एका गटात एक मुलगी होती. गटात बसून सगळं नीट सांगायची, पण मी उठवलं की तिची वाचाच बसायची. आणि माझीही खोड अशी, की मी तिलाच उठवायचे. त्या गटाच्या रांगेत एकही चांदणी नव्हती.

तपासणीच्या दिवशी मी देव पाण्यात घालून बसले होते. "साहेब कोणालाही उठवतील हां," असं वर्गाला आठवडाभर बजावलं होतं. नेमकी ती मुलगी दिसली नाही. "तिला ताप आलाय, बाई," तिच्या गटातले चौघे एका सुरात म्हणाले. खरं सांगते, मला हायसं वाटलं. साहेबांनी तोच गट उठवला, पाण्याचे साठे विचारले, चौघांनी फाडफाड सांगितले. साहेब खूश होऊन गेले. मी त्या गटापुढे पहिली चांदणी चिकटवली.

चारच्या सुमाराला तिची आई हरसूलच्या बाजारातून परतताना शाळेत आली.

"पोरीला न्यायला आले, बाई."

"तिला ताप आहे ना?"

"ताप? सकाळी माझ्यासंगंच निघाली. फाटकाजवळ मीच सोडली."

शाळेमागे कठडा नसलेली विहीर होती. धावत जाऊन वाकून पाहिलं. पाणी स्थिर होतं, वर थोडा पाला. बघवेना आणि नजरही हटेना. शेजारी तिची आईही वाकून बघत होती. आणि त्या वेळीसुद्धा माझ्या मनात आधी आलं ते हजेरीपुस्तक. मी तिला गैरहजर मांडलं होतं, म्हणजे माझ्यावर काही येणार नाही. हे आठवलं की आजही मला माझीच भीती वाटते.

वर्गात येऊन चौघांना विचारलं. शेवटी एकीला रडू फुटलं.

"ती आली तर चांदणी नसती भेटली, बाई. म्हनून तिला भाताच्या खोपटात बसवलं. साहेब गेले का बोलवू म्हनलो. मंग इसरून गेलो."

भात कधीच कापून झाला होता, राखणीचं रिकामं खोपट तेवढं शेतात उरलं होतं. बांधावरून पळताना मी दोनदा पडले. आई माझ्या पुढे होती.

ती आत बसली होती, सकाळपासून, उपाशी. तिला कोणी कोंडलं नव्हतं, खोपटाला दार नव्हतंच. पुस्तक मिटून शेजारी ठेवलं होतं आणि ओठ हलत होते. आईने तिला कवटाळलं, तरी ती माझ्याकडेच बघत होती. मग कधी नव्हे तो माझ्यासमोर तिचा आवाज फुटला. नदी, तळं, झरा, विहीर, सगळं तिने न अडखळता म्हणून दाखवलं.

आणि विचारलं, "आमच्या गटाला चांदणी भेटली का, बाई?"

"भेटली," मी म्हणाले.

ती इतकी हसली, की तिच्या आईकडे बघायचं मला धैर्य झालं नाही.