डावी बाही

देवकाबाईच्या पोलक्याला दोन बाह्या होत्या. आता पोलक्याला दोन बाह्या असतात यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण देवकाबाईच्या दोन्ही बाह्या एका कापडाच्या कधीच नसत. उजवी पोलक्याच्याच कापडाची आणि डावी भलत्याच रंगाची. हिरव्या पोलक्याला पिवळी, निळ्याला लाल ठिपक्यांची, पांढऱ्याला काळ्या चौकटीची. दिघोरीच्या बाजारात ती दिसली की पोरं दुरूनच ओरडत, "दोनबाहीवाली आली!" आणि ती डावा खांदा जरासा पुढे काढून चालत राही. तेव्हा तिची पन्नाशी उलटून गेली होती.

त्याआधी गावात तिला दुसरं नाव होतं. टाकलेली. देवका नावाच्या आणखी दोघी गावात आहेत, म्हणून ओळखीसाठी लोक तसं म्हणतात, असं तिच्या भावजयीने, पारबताने, मला अगदी सहज सांगितलं. मी म्हटलं, ओळखीसाठी दुसरं काहीच सापडलं नाही का तुम्हाला? ती नुसती हसली. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मी दिघोरीच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले ती आणीबाणीच्या आदल्या वर्षी. डोमाजीच्या घरची पुढची खोली मला भाड्याने मिळाली. डोमाजी हा देवकाबाईचा धाकटा भाऊ. थोडी धानाची शेती, स्वभाव गरीब, कुणाला नाही म्हणायचं त्याच्या अगदी जिवावर येई. त्या घरात आणखी एक बाई राहते हे मला बरेच दिवस नीट उमगलंच नव्हतं. भिंतीला धरून कुणीतरी जायचं, दाराआड सूप घेऊन विड्या वळत बसायचं, सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर चुलीपाशी ताट ओढायचं. अंगावर कायम पारबताचं जुनेर, विटलेलं, गुडघ्यावर ठिगळ लावलेलं. माझं तोंड काही गप्प बसणारं नाही. एवढ्या विड्या वळता, मग स्वतःसाठी एक लुगडं का घेत नाही, असं मी एकदा विचारलंच. तिने मान वर केली नाही.

"मी भी उतरलेली, लुगडं भी उतरलेलं," ती म्हणाली. "जोडा जमला ना, बाई."

या उतरलेलीचा अर्थ मला पुढे कळला. एकोडीला तिचं लग्न झालं होतं. मूल होईना, तेव्हा नवऱ्याने एक दिवस बैलगाडीत बसवून तिला दिघोरीच्या पांदणीपर्यंत आणलं आणि तिथे उतरवलं. तू हो पुढे, मी बैल पाजून येतो, म्हणाला. ती भावाच्या घरी येऊन त्याच्यासाठी स्वयंपाक करून बसली. तो आला नाही. त्याने दुसरी केली, तिला पोरं झाली, आणि इकडे देवकाबाई कपाळाला कुंकू, गळ्यात काळी पोत घालून भावजयीची जुनी लुगडी नेसून फाडत राहिली. एकदा पोत तुटली. तिने मणी वेचून डबीत ठेवले, पण पुन्हा ओवले नाहीत. कुंकूही हळूहळू लहान होत गेलं आणि मग नाहीसं झालं. पारबता त्यावरून रोज कुरकुरायची.

बाहीची गोष्ट घडली ती एका चुकीतून. माझे टोमणे ऐकून म्हणा, की विटून म्हणा, दिवाळीच्या बाजारात तिने स्वतःसाठी एक पातळ घेतलं आणि पोलक्याचं कापड घेतलं. जन्मात पहिल्यांदा. कापड तिने हाताने मोजून घेतलं, पण पन्हा पाहिलाच नाही. लुगड्याच्या पन्ह्याची सवय तिला, आणि हे कापड निघालं अरुंद. बाजारात झाडाखाली मशीन मांडून बसणाऱ्या शिंप्याने पोलकं शिवलं खरं, पण डाव्या बाहीला कापड पुरेना, म्हणून कुणाच्या तरी फ्रॉकचा उरलेला लाल तुकडा लावून दिला. वर तिलाच म्हणाला, डावी बाही पदराखाली जाते, कोन पाहते?

घरी आल्यावर तिने पोलकं माझ्यापुढे ठेवलं आणि ढसाढसा रडली. आयुष्यात एक वस्तू स्वतःची घेतली आणि तीही धड नाही. मी पायात चपला सरकवून शिंप्याकडे भांडायला निघाले, तर तिने माझा हात धरला. नको, म्हणाली, बाजारात हसं होईल. दुसऱ्या दिवशी पदर गच्च लपेटून ती वळलेल्या विड्या द्यायला कारखान्यात गेली. तिथे जुड्या मोजून देताना पदर घसरला आणि लाल बाही उघडी पडली. आजूबाजूच्या बाया पाहायला लागल्या. एकीने विचारलं, हे काय वो, असं कुठं शिवून भेटते? देवकाबाईच्या तोंडून निघून गेलं, सांगून शिवून घेतली, अशीच पाह्यजे होती मले.

हे मला सांगताना ती पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होती. मी तिला हसताना पाहिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. "खोटं बोलली मी, बाई," ती म्हणाली. "पन बोलल्यावर मलेच खरं वाटून राहिलं."

त्यानंतरचं दुसरं पोलकं तिने खरोखरच सांगून शिवून घेतलं. शिंपी म्हणाला, आता तर कापड पुरते. ती म्हणाली, पुरू दे. मग तिने माझ्याकडून एक सेफ्टी पिन नेली. डोक्यावरचा पदर खाली घेतला, त्याच्या बारीक निऱ्या करून खांद्यावर टाचल्या, म्हणजे डावी बाही पुरती दिसावी. कासोटा सोडून ती गोल पातळ नेसायला लागली. फक्त धानाच्या रोवणीला जाताना पुन्हा लुगडं कसायची, चिखलाले काय दाखवाचं, म्हणून. कोणत्या पोलक्याला कोणती बाही, यावर तिचा आठवडा आठवडा विचार चाले. विड्या वळता वळता मध्येच हात थांबवून ती मला विचारी, "बाई, जांभळ्याले काय शोभन?" मी काही सुचवलं की ते सोडून तिसरंच लावायची.

आणि बाई बदलली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. भिंतीला धरून चालणारी ती रस्त्याच्या मधून चालायला लागली. विड्यांचा कारकून तिच्या मूठमूठ विड्या खराब म्हणून फेकायचा आणि ती मुकाट्याने उठून यायची. एकदा तिने त्या फेकलेल्या विड्या गोळा केल्या, त्याच्यापुढे ठेवल्या, आणि यातली खराब कोणती ते सगळ्यांसमोर दाखवा, म्हणाली. त्याने निमूट घेतल्या. विहिरीवर एका म्हातारीने तोंडावर विचारलं, नवरा जवळ नाही, मग नटतेस कोणासाठी? मी तिथेच होते. माझंच डोकं फिरलं, पण देवकाबाई शांतपणे बादली ओढत म्हणाली, "तुमच्याचसाठी तं, आजी. माही बाही मले थोडीच दिसते." म्हातारीसकट सगळ्या हसल्या. त्याच सुमाराला पोरांनी तिला दोनबाहीवाली म्हणायला सुरुवात केली. टाकलेली हे नाव मागे पडलं. मला वाटलं, सुटली बिचारी.

पण गाव नाव बदलतं, रीत बदलत नाही. डोमाजीच्या मुलाचं लग्न निघालं. देवकाबाईने महिनाभर आधी पोलकं शिवून ठेवलं होतं. हळदीच्या दिवशी ती ते घालून मांडवात आली, तर पारबताने तिला बाजूला नेलं आणि चुलीकडे बसायला सांगितलं. नवरीकडची माणसं आहेत, टाकलेल्या बाईचा हात हळदीला नको. ज्या पोराला तिने कडेवर खेळवलं, त्याला सगळ्या गावाने हळद लावली. ही मांडवामागे भाताच्या हंड्याखाली लाकडं सारत बसली होती. पिन खांद्यावर, बाही केशरी, घामाने चिकटलेली. तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं. मी पारबताशी भांडले, डोमाजीशी भांडले. डोमाजी म्हणाला, रीत हाये बाई. काय उपयोग माझ्या भांडणाचा? हळद लावून झाली होती.

लग्न पार पडल्यावर तिने मला आणि डोमाजीला आपल्या पेटीपाशी बोलावलं. आतून एक गाठोडं काढलं. जांभळं पातळ, कोरं. पिवळं पोलकं, आणि त्याला डावी बाही लाल. ती लाल बाही मी ओळखली. पहिल्या पोलक्याची होती, ते विरल्यावर तिने जपून उसवून ठेवलेली.

"मी मेली का मले हे नेसवजा," ती भावाला म्हणाली. "जलमभर दुसऱ्याचं उतरलेलं नेसली. जाताना तरी माह्यं नेसून जाईन. दुसरं काही मांगत नाही मी तुले."

डोमाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. हो म्हणाला. बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हणाला.

पुढे माझी बदली वरठीजवळच्या शाळेत झाली. सुट्टीत मी दिघोरीला जाई. जर्द्याच्या धुळीने तिची छाती भरली होती. खोकला लागला की थांबत नसे. दंड इतके वाळले की बाह्या नुसत्या लोंबायच्या, तरी अंथरुणातसुद्धा डावी बाही वेगळीच असे. शेवटच्या भेटीत तिने पेटीकडे बोट केलं. मी म्हटलं, आहे लक्षात.

ती गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पहिली एसटी पकडून गेले. अंगणात पोचले तर माणसांत एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा खाटेवर बसलेला. एकोडीचा. तिचा नवरा. डोमाजीनेच माणूस धाडून कळवलं होतं. नवरा जिवंत असताना बाई गेली, म्हणजे अहेव गेली. तिला नवऱ्याच्या घरचं लुगडं लागतं, कुंकू लागतं. म्हातारा आपल्या मोठ्या मुलाला घेऊन आला होता, आणि बरोबर हिरवं लुगडं. साऱ्या बाया त्या लुगड्याला हात लावून पाहत होत्या. नशीबवान हो, म्हणत होत्या. इतक्या वर्षांनी का होईना, नवऱ्याने आठवण ठेवली.

मी तडक आत गेले, पेटी उघडून गाठोडं काढलं आणि पारबताच्या हातात देऊन म्हटलं, हे नेसवायचं आहे, तुमच्या नवऱ्याने शब्द दिला आहे. तिने ते कोनाड्यात ठेवून दिलं. विहिरीवरची तीच म्हातारी माझ्याजवळ आली, आणि खरोखर मायेने म्हणाली, "मास्तरीनबाई, तुमाले नाही समजत. नवऱ्याचं लुगडं नशिबानं भेटते." मी बाहेर येऊन डोमाजीला गाठलं. तो खाली बघत होता. मी वाटेल ते बोलले त्याला. निदान पोलकं तरी, म्हणाले, लुगड्याच्या आत कुणाला दिसणार आहे? तो रडत होता आणि मान हलवत होता, पण उठला नाही. आत बायांनी डबीतले काळे मणी शोधून काढले होते आणि एकजण ते भराभर ओवत होती.

तिला बाहेर आणून तिरडीवर बांधलं तेव्हा मी तिला ओळखलं नाही. खरंच सांगते. डोक्यावरून पदर, कपाळभर कुंकू, गळ्यात पोत, हातभर हिरवा चुडा. कुणाची तरी सून असावी तशी. मी वाकून डावा खांदा शोधत राहिले. तो लुगड्याखाली कुठे तरी होता. वाकल्यावर मला डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि पदरावर हळदीचा एक जुना डाग दिसला. म्हाताऱ्याचा मुलगा शेजारीच उभा होता. मी डागाकडे पाहते आहे हे बघून तो ओशाळला आणि म्हणाला, "इतक्या घाईत बाजार कुठला, बाई. मायच्या पेटीतलं आनलं. एकडावच नेसली होती तिनं."

माय म्हणजे त्याची माय. देवकाबाईची सवत.

मी डोमाजीला दंडाला धरून तिथे ओढत आणलं. म्हटलं, बघा, सवतीचं उतरलेलं नेसवलंत तुम्ही तिला. तो डाग त्याने पाहिला. त्याला सगळं समजलं, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. त्याने तोंड झाकून घेतलं. "आता काय करता, बाई," तो म्हणाला, "बांधून झाली."

तिला उचललं. गाठोडं तिच्या गोधडीबरोबर नदीवर गेलं आणि तिथेच वाळूत टाकून आले, असं मला मागून कळलं. मी नदीपर्यंत गेले नाही. संध्याकाळच्या एसटीने परत आले.

त्यानंतर दिघोरीला जावंसं वाटेना. काही वर्षांनी शाळेच्या कामाने जावं लागलं, तेव्हा डोमाजीच्या दारावरून गेले. घराला कुलूप होतं. शेजारच्या अंगणात एक तरुण सून धान वाळत घालत होती, गावात नवीन आलेली. मी विचारलं, इथे देवकाबाई राहायच्या, ठाऊक आहे का तुला? ती आठवू लागली. मी म्हटलं, विड्या वळायच्या, पोलक्याची डावी बाही वेगळी असायची त्यांच्या. तिला काही सांगता येईना. घरातून तिच्या सासूने आवाज दिला, कोणाबद्दल विचारतेत म्हणून. सुनेने सांगितलं. सासू दारात आली, मला ओळखून हसली, आणि सुनेकडे वळून म्हणाली, "अवो, त्याच नाही का. ज्याईले नवऱ्याचं लुगडं भेटलं होतं, त्या."